छोट्या हाय-फाय संचाला सबवूफर जोडणे: खर्जाचे भौतिकशास्त्र आणि जुळणीची पद्धत

पाठाची उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील:
१. छोटा स्पीकर खर्जात का कमी पडतो, हे आकड्यांसह सांगणे.
२. खोलीची लांबी, रुंदी, उंची मोजून तिच्या अनुनादी वारंवारता काढणे.
३. सबवूफरची जागा, क्रॉसओव्हर, कला आणि पातळी योग्य क्रमाने जुळवणे.
४. आपल्या खोलीसाठी सबवूफर घ्यावा की नाही, याचा निर्णय घेणे.

पूर्वज्ञान: तरंग, स्थिर तरंग आणि रोध-धारित्र परिपथ यांची बारावीपर्यंतची ओळख पुरेशी आहे.

१. प्रस्तावना

तबल्याचे एखादे चांगले ध्वनिमुद्रण छोट्या स्पीकरवर लावा. उजवीकडची चाट, किनार अगदी स्पष्ट ऐकू येते. डग्गा (हिंदीत बायाँ) मात्र वाजतो आहे एवढेच कळते. वादकाने मनगट सरकवून काढलेला घुमारा पोटात जाणवत नाही. मग कोणीतरी सुचवते, ‘सबवूफर जोड, सगळे ठीक होईल.’ तुम्ही पैसे साठवता, पेटी आणता, कोपऱ्यात ठेवता. पहिला आठवडा मजेत जातो. त्यानंतर लक्षात येते की डग्ग्याचा एकच सूर भसाभस फुगतो, दुसरा गायब होतो, निवेदकाचा आवाज पिंपातून आल्यासारखा वाटतो आणि शेजारी दार वाजवतो.

यात सबवूफरचा दोष क्वचितच असतो. दोष बहुतेक वेळा जुळणीचा असतो. तो समजून घेतला, तर साधा सबवूफरही चांगला वाजतो. समजला नाही, तर महागडाही फुकट जातो. या पाठात एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरू: ४.२ मीटर लांब, ३.० मीटर रुंद आणि २.८ मीटर उंच खोली, त्यात ५ इंची वूफर असलेले दोन बुकशेल्फ स्पीकर आणि एक लहान स्टिरिओ अॅम्प्लिफायर. ध्वनीचा वेग ३४५ मीटर प्रति सेकंद धरू. आपल्याकडच्या साधारण हवामानात हा आकडा पुरेसा अचूक आहे.

२. छोटा स्पीकर कुठे आणि का थांबतो?

स्पीकरचा शंकू पुढे-मागे हलून हवा ढकलतो. दूरवर निर्माण होणारा ध्वनिदाब तीन गोष्टींवर अवलंबून असतो: शंकूचे क्षेत्रफळ, त्याच्या हालचालीचा आयाम आणि वारंवारतेचा वर्ग.

ध्वनिदाब ∝ क्षेत्रफळ × आयाम × (वारंवारता)²

यातील वर्ग नीट पाहा. वारंवारता निम्मी झाली, तर तोच दाब मिळवण्यासाठी शंकूला चौपट हालावे लागते. ८० हर्ट्झला १ मिलिमीटर हालणारा शंकू ४० हर्ट्झला ४ मिलिमीटर आणि २० हर्ट्झला १६ मिलिमीटर हालायला हवा. ५ इंची वूफरला एवढी हालचाल परवडत नाही. तो आधी विरूपित आवाज काढतो आणि मग त्याच्या निलंबनाची मर्यादा येते.

१० इंची शंकूचे क्षेत्रफळ ५ इंचीच्या साधारण चौपट असते. त्यामुळे त्याच दाबासाठी त्याला एक चतुर्थांश हालचाल पुरते. सबवूफरचा शंकू मोठा आणि हालचाल लांब का असते, याचे उत्तर या एका सूत्रात आहे.

पेटीचाही वाटा असतो. बंद पेटीचा स्पीकर त्याच्या अनुनादी वारंवारतेखाली दर सप्तकाला १२ डेसिबलने उतरतो. भोक असलेल्या, म्हणजे पोर्ट असलेल्या पेटीचा स्पीकर थोडा अधिक खाली जातो, पण नंतर दर सप्तकाला २४ डेसिबलने कोसळतो. पेटी आणि ड्रायव्हर यांचे हे नाते नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत सूत्रबद्ध केले. आजही ड्रायव्हरच्या माहितीपत्रकात ‘थील-स्मॉल’ राशी छापलेल्या असतात.

विचार करा: चार तारांच्या बास गिटारचा सर्वांत खालचा सूर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो. छोटा स्पीकर ४१ हर्ट्झ जवळजवळ वाजवतच नाही, तरी तो सूर आपण ओळखतो. कसा? त्या सुराचे ८२, १२३, १६४ हर्ट्झचे उपस्वर स्पीकर वाजवतो. त्यांच्यातील समान अंतरावरून मेंदू मूळ सूर ताडतो. म्हणजे छोटा स्पीकर सुराची ओळख देतो, त्याचे वजन देत नाही. सबवूफरचे काम हे वजन परत आणण्याचे आहे. नवा बास तयार करणे हे त्याचे काम नाही.

३. खोली हेही एक वाद्यच

तरंगलांबी = वेग ÷ वारंवारता. त्यानुसार:
१००० हर्ट्झ: सुमारे ३५ सेंटिमीटर
८० हर्ट्झ: सुमारे ४.३ मीटर
४० हर्ट्झ: सुमारे ८.६ मीटर
२० हर्ट्झ: सुमारे १७ मीटर

खर्जाच्या तरंगलांब्या खोलीएवढ्या किंवा तिच्याहून मोठ्या असतात. त्यामुळे दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये स्थिर तरंग तयार होतात. त्यांच्या वारंवारता अशा:

वारंवारता = क्रमांक × वेग ÷ (२ × भिंतींमधील अंतर)

आपल्या खोलीसाठी पहिल्या क्रमांकाच्या वारंवारता:
लांबीमुळे: ३४५ ÷ ८.४ = सुमारे ४१ हर्ट्झ
रुंदीमुळे: ३४५ ÷ ६.० = सुमारे ५८ हर्ट्झ
उंचीमुळे: ३४५ ÷ ५.६ = सुमारे ६२ हर्ट्झ
लांबीचा दुसरा क्रमांक ८२ हर्ट्झवर येतो.

५८ आणि ६२ हर्ट्झ जवळजवळ आहेत. या पट्ट्यातला सूर आपल्या खोलीत फुगणार, हे सबवूफर विकत घेण्याआधीच कागदावर दिसते. रुंदी आणि उंची सारखी असलेल्या खोल्यांत हा त्रास आणखी वाढतो.

स्थिर तरंगात दाब भिंतींपाशी सर्वाधिक असतो. पहिल्या क्रमांकासाठी खोलीच्या मधोमध तो शून्याकडे जातो. यावरून तीन व्यावहारिक निष्कर्ष निघतात.

अ) लांबीच्या बरोबर मध्यावर बसलात, तर ४१ हर्ट्झ जवळपास ऐकूच येणार नाही. तिथे बसून सबवूफरचा आवाज वाढवत नेण्याचा उपयोग नाही. तो वाढ शेजाऱ्याला देतो, तुम्हाला नाही.
आ) मागच्या भिंतीला डोके टेकून बसलात, तर सर्व क्रमांक जास्तीत जास्त ऐकू येतील आणि बास फुगेल.
इ) भिंतीपासून लांबीच्या एक तृतीयांश अंतरावर पहिल्या आणि दुसऱ्या दोन्ही क्रमांकांचा दाब कमालीच्या निम्मा असतो. सुरुवात करायला ही जागा चांगली आहे. आपल्या खोलीत ती मागच्या भिंतीपासून १.४ मीटरवर येते.

भिंतीला पातळ फोम किंवा अंड्यांचे ट्रे चिकटवून हा प्रश्न सुटत नाही. सच्छिद्र शोषक प्रभावी ठरण्यासाठी त्याची जाडी तरंगलांबीच्या चतुर्थांशाच्या जवळपास हवी. ६० हर्ट्झसाठी ती सुमारे १.४ मीटर होते. म्हणून छोट्या खोलीत पहिला उपाय म्हणजे जागा बदलणे. तो फुकट आहे आणि सर्वांत परिणामकारकही.

४. एकच सबवूफर का चालतो?

दोन स्पीकर असताना सबवूफर एकच कसा पुरतो? आवाजाची दिशा आपण दोन कानांपर्यंत पोहोचणाऱ्या तरंगांतील वेळेच्या आणि तीव्रतेच्या फरकावरून ओळखतो. ८० हर्ट्झची तरंगलांबी ४ मीटरहून जास्त आहे, तर डोक्याची रुंदी २० सेंटिमीटरहूनही कमी. त्यामुळे दोन्ही कानांना जवळजवळ एकच तरंग मिळतो. सुमारे ८० ते १०० हर्ट्झच्या खाली दिशा ओळखणे कठीण होते. सबवूफर यापेक्षा वर वाजू लागला, किंवा विरूपणामुळे वरचे उपस्वर काढू लागला, तर मात्र तो कुठे ठेवला आहे हे लगेच कळते.

५. जोडणीचे मार्ग

अॅम्प्लिफायरची मागची बाजू पाहा. पुढीलपैकी एक मार्ग सहसा उपलब्ध असतो.

पहिला मार्ग: ‘सब आउट’ किंवा ‘प्री आउट’. हा संकेत व्हॉल्यूमच्या बटणाबरोबर कमी-जास्त होतो, म्हणून तो योग्य आहे. ‘टेप आउट’ किंवा ‘रेक आउट’ वापरू नका. ते व्हॉल्यूमबरोबर बदलत नाहीत, त्यामुळे सबवूफर सतत एकाच जोराने वाजत राहील.

दुसरा मार्ग: स्पीकरच्या तारांवरून. अनेक सबवूफरना ‘हाय लेव्हल’ प्रवेश असतो. अॅम्प्लिफायरच्या स्पीकर टर्मिनलपासून समांतर तारा तिथे नेता येतात. या प्रवेशाचा रोध खूप जास्त असल्यामुळे अॅम्प्लिफायरवर जवळजवळ भार पडत नाही. मात्र स्पीकरची तार कधीही साध्या आरसीए प्रवेशात घालू नका.

इशारा: अनेक लहान क्लास-डी अॅम्प्लिफायरमध्ये ब्रिज पद्धतीचे निर्गम असतात. त्यांचे ‘उणे’ टर्मिनल जमिनीला जोडलेले नसते, त्यावरही संकेत असतो. ते सबवूफरच्या ग्राउंडला जोडले, तर अॅम्प्लिफायर जळू शकतो. दोन्ही उपकरणांची पुस्तिका वाचल्याशिवाय हा मार्ग वापरू नका. कोणतीही जोडणी करताना दोन्ही उपकरणांचे प्लग काढून ठेवा.

‘एलएफई’ लिहिलेल्या प्रवेशाबद्दल गैरसमज असतो. एलएफई ही चित्रपटांच्या ५.१ ध्वनीतील स्वतंत्र वाहिनी आहे. स्टिरिओ संगीतात अशी वाहिनी नसते. तिथे सबवूफरला डाव्या आणि उजव्या वाहिनीची बेरीज मिळते. एलएफई प्रवेश वापरल्यास सबवूफरचा स्वतःचा क्रॉसओव्हर सहसा वगळला जातो. म्हणून अॅम्प्लिफायरमध्ये फिल्टर नसेल, तर साधा ‘लाइन इन’ प्रवेश वापरा.

जोडल्यावर घूं असा आवाज आला, तर तो बहुधा ग्राउंड लूपचा असतो. आपल्या वीजपुरवठ्याची वारंवारता ५० हर्ट्झ आहे आणि ५० व १०० हर्ट्झ सबवूफर मोठ्या आवडीने वाजवतो. सर्व उपकरणे एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावून पाहा, तारा लहान ठेवा, केबल टीव्हीची तार काढून पाहा. गुरगुर घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणे हा उपाय नाही. ती पिन तुमच्या जिवासाठी आहे.

६. क्रॉसओव्हर: कामाची वाटणी

क्रॉसओव्हर म्हणजे ज्या वारंवारतेवर स्पीकर काम सोडतो आणि सबवूफर ते उचलतो ती सीमा. ही भिंत नसते, उतार असतो. सिगफ्रीड लिंक्विट्झ आणि रस रायली यांच्या नावाने ओळखला जाणारा, दर सप्तकाला २४ डेसिबल उताराचा क्रॉसओव्हर आज सर्रास वापरला जातो. त्यात सीमेवर दोन्ही बाजू ६ डेसिबलने खाली असतात आणि एकाच कलेत असल्याने त्यांची बेरीज सपाट येते.

५ इंची वूफरच्या स्पीकरसाठी ८० हर्ट्झपासून सुरुवात करा. स्पीकर तिथे दमत असेल, तर ९० ते १०० पर्यंत जा. त्याहून वर गेलात, तर पुरुषाच्या आवाजाचा पाया सबवूफरमधून येऊ लागतो आणि निवेदक जमिनीवर बसल्यासारखा वाटतो.

सबवूफरला फक्त खालचा भाग देणे हे अर्धे काम. स्पीकरवरचा खर्ज काढून घेणे हे उरलेले अर्धे. तसे केल्यास विभाग २ मधील सूत्रानुसार त्याची हालचाल कमी होते आणि मधल्या पट्टीतला आवाजही स्वच्छ होतो. सबवूफर किंवा अॅम्प्लिफायरमध्ये हाय-पास फिल्टरची सोय असेल, तर ती वापरा. नसेल आणि तुमच्याकडे वेगळा पॉवर अॅम्प्लिफायर असेल, तर त्याच्या प्रवेशात एकसरीत धारित्र घालता येते.

उदाहरण: प्रवेश रोध १० किलोओहम आहे, सीमा ८० हर्ट्झ हवी.
धारकता = १ ÷ (२ × ३.१४ × १०,००० × ८०) = सुमारे ०.२ मायक्रोफॅरड
बाजारात ०.२२ मायक्रोफॅरड सहज मिळते. त्याने सीमा सुमारे ७२ हर्ट्झ येते. उतार सौम्य, म्हणजे दर सप्तकाला ६ डेसिबल असतो, पण फरक ऐकू येण्याजोगा असतो.

७. जुळणीचा क्रम

क्रम महत्त्वाचा आहे. जागा, मग क्रॉसओव्हर, मग कला, शेवटी पातळी.

पायरी १: जागा. सबवूफर तुमच्या ऐकण्याच्या खुर्चीवर ठेवा. खर्जाचे सूर एकामागून एक असलेले संगीत लावा. आता तुम्ही भिंतींच्या कडेने रांगत जा आणि कान सबवूफरच्या संभाव्य जागांवर, जमिनीजवळ आणा. जिथे सगळे सूर सारख्या वजनाचे ऐकू येतील, ती सबवूफरची जागा. हे अन्योन्यतेच्या तत्त्वावर चालते: ध्वनीचा स्रोत आणि श्रोता यांची अदलाबदल केली, तरी त्यांच्यातील ध्वनिमार्ग तोच राहतो. कोपरा सर्व स्थिर तरंगांना चेतवतो, म्हणून तिथे आवाज सर्वांत मोठा, पण बहुधा सर्वांत असमान असतो.

पायरी २: क्रॉसओव्हर. विभाग ६ प्रमाणे ८० हर्ट्झवर ठेवा.

पायरी ३: कला, म्हणजेच फेज. सीमेवर दोन्ही स्रोत एकच सूर वाजवतात. ते एकाच कलेत असतील, तर बेरीज होते. विरुद्ध कलेत असतील, तर एकमेकांना खोडतात. ८० हर्ट्झला तरंगलांबी ४.३ मीटर आहे. सबवूफर स्पीकरपेक्षा तुमच्यापासून १ मीटर दूर असेल, तर कलेत सुमारे ८४ अंशांचा फरक पडतो. २.१५ मीटरचा फरक झाला, तर पूर्ण १८० अंश. ऑडॅसिटीसारख्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ८० हर्ट्झचा शुद्ध सूर तयार करा. तो हळू आवाजात स्पीकर आणि सबवूफर दोन्हींवर वाजवा. फेजचे बटण ० आणि १८० वर करून पाहा. ज्या स्थितीत खुर्चीवर आवाज मोठा येतो, ती बरोबर. शुद्ध सूर मोठ्या आवाजात फार वेळ वाजवू नका. व्हॉइस कॉइल तापून निकामी होऊ शकते.

पायरी ४: पातळी. सबवूफरचे बटण शून्यावर आणा. ओळखीचे ध्वनिमुद्रण लावा आणि बटण हळूहळू वाढवा. बास ‘वेगळा’ ऐकू येऊ लागला की थोडे मागे या. कसोटी सोपी आहे: सबवूफर चालू असताना तो आहे हे कळू नये. बंद केल्यावर मात्र काहीतरी गेले, असे वाटावे.

पायरी ५: पडताळणी. ३० ते १२० हर्ट्झ, दर ५ हर्ट्झला एक, असे सूर वाजवून खुर्चीवर फोनच्या ध्वनिमापक अॅपने नोंद घ्या आणि आलेख काढा. फोनचा मायक्रोफोन खर्जात अचूक नसतो. त्यामुळे आकडे खरे मानू नका. पण जागा बदलण्यापूर्वीचा आणि नंतरचा आलेख यांची तुलना विश्वासार्ह असते. आलेखातली टेकडी गणिताने काढलेल्या ५८ ते ६२ हर्ट्झच्या आसपास आली, तर तुमचे मापन आणि सिद्धांत एकमेकांना साक्ष देतात.

८. शेजारी आणि डेसिबल

भिंत उंच स्वर अडवते, खर्ज तुलनेने सोडते. एकेरी भिंतीचा ध्वनिरोध दर सप्तक खाली जाताना साधारण ६ डेसिबलने कमी होतो. म्हणून शेजाऱ्याला गाणे ऐकू येत नाही, फक्त ढब-ढब ऐकू येते.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री, म्हणजे १० ते सकाळी ६, ४५ डेसिबल (ए) आहे. यातल्या ‘ए’कडे लक्ष द्या. ए-भारांकन मानवी कानाच्या संवेदनशीलतेनुसार खर्ज कमी मोजते. ५० हर्ट्झवर ते सुमारे ३० डेसिबल वजा करते. म्हणजे मापकावर ४५ दिसत असताना ५० हर्ट्झचा प्रत्यक्ष दाब ७५ डेसिबल असू शकतो. ‘अॅपवर तर आवाज मर्यादेत दिसतोय’ हा युक्तिवाद शेजाऱ्याच्या झोपेपुढे टिकत नाही. रात्री सबवूफर बंद ठेवणे हा सर्वांत खात्रीचा ध्वनिरोधक आहे. पायाखाली रबर किंवा जाड फोम ठेवल्यास स्लॅबमध्ये थेट जाणारी कंपने कमी होतात, हवेतून जाणारा खर्ज मात्र कमी होत नाही.

९. घ्यावा की नको?

पैसे खर्च करण्यापूर्वी हे फुकटचे प्रयोग करा. स्पीकर मागच्या भिंतीजवळ सरकवा. भिंतीमुळे खर्जात कमाल ६ डेसिबलपर्यंत वाढ मिळू शकते. खुर्ची मध्यावरून हलवा. स्पीकरच्या तारांचे अधिक-उणे दोन्हीकडे सारखे आहे का, ते तपासा. एक स्पीकर उलटा जोडला असेल, तर खर्ज आपोआप नाहीसा होतो आणि दोष मात्र स्पीकरच्या आकाराला दिला जातो.

एवढे करूनही वजन कमी वाटत असेल, सबवूफरला निदान दोन-तीन जागा देता येत असतील आणि शेजारची भिंत सामाईक नसेल, तर सबवूफर घेणे योग्य ठरेल. वसतिगृहातल्या खोलीत, जिथे पलंग आणि टेबल हलत नाहीत आणि भिंतीपलीकडे कोणी अभ्यास करतो आहे, तिथे चांगले हेडफोन हे अधिक शहाणपणाचे उत्तर आहे.

सारांश

वारंवारता निम्मी झाली की शंकूची हालचाल चौपट लागते, म्हणून छोटा स्पीकर खर्जात थकतो. खर्जात खोलीचे स्थिर तरंग ऐकू येणारा आवाज ठरवतात, म्हणून जागा आधी. कामाची वाटणी सुमारे ८० हर्ट्झवर करा, कला जुळवा आणि पातळी शेवटी ठरवा. चांगला जुळलेला सबवूफर दिसतो, पण वेगळा ऐकू येत नाही.

स्वाध्याय

१. ५.० × ३.५ × ३.० मीटरच्या खोलीच्या पहिल्या क्रमांकाच्या तीन वारंवारता काढा. (उत्तर: सुमारे ३४.५, ४९ आणि ५७.५ हर्ट्झ)
२. १०० हर्ट्झला १ मिलिमीटर हालणारा शंकू तेवढ्याच दाबासाठी २५ हर्ट्झला किती हालेल? (उत्तर: १६ मिलिमीटर)
३. प्रवेश रोध २० किलोओहम असेल, तर ८० हर्ट्झच्या हाय-पाससाठी धारित्र किती हवे? (उत्तर: सुमारे ०.१ मायक्रोफॅरड)
४. दोन सारखे सबवूफर समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवून एकाच कलेत वाजवले, तर त्या दिशेचा पहिल्या क्रमांकाचा स्थिर तरंग का चेतवला जात नाही? (सूचना: दोन्ही भिंतींपाशी त्या तरंगाच्या दाबाची चिन्हे परस्परविरुद्ध असतात.)
५. प्रयोग: तुमच्या खोलीची मापे घ्या, वारंवारता काढा आणि घरातल्या कोणत्याही स्पीकरवर ते सूर हळू आवाजात वाजवत खोलीत चाला. आवाज कुठे वाढतो आणि कुठे बुडतो, याचा नकाशा वहीत काढा.